दादाने शिकवलेली उत्तरं

वडील गेले तेव्हा सुभाषदादा दहावीत होता आणि मी दुसरीत. धाडच्या शिवारात दीड एकर, विहिरीला पाणी असेल तोवर वांगी-मिरची, आणि ती विकायला आई आठवडी बाजारात बसायची. दोघांचं शिक्षण तिला झेपणार नाही हे दादाला कुणी सांगावं लागलं नाही. तो शाळेत जायचा थांबला आणि एका जीपवर क्लीनर म्हणून लागला. पुढे धाड–बुलडाणा रस्त्यावर त्याची स्वतःची काळीपिवळी झाली. मागच्या महिन्यात त्याच जीपच्या सीटा भरायची वाट पाहत तो स्टँडवर चहा पीत होता, तिथेच हृदयविकाराचा झटका आला. बावन्न वर्षांचा होता. फोन दुसऱ्या ड्रायव्हरचा आला... "ताई, भाऊ गेले."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि हे मी लाजत सांगत नाही. ॲक्युपंक्चर आणि पारंपरिक चिनी वैद्यक या विषयात पीएच.डी. करायचं ठरवलं तेव्हा गावाने 'सुया टोचायची डॉक्टरकी' म्हणून थट्टा केली. दादाने एवढंच विचारलं, "यासाठी चीनले जा लागते काय?" नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. "मंग पेशंट माह्याकडे लागले. गुडघेदुखीच्या बाया किती पाह्यजे?" मी चाळीस म्हटलं. "चाळीस तं एका बाजारात भेटतात व माय!"

खरंच भेटल्या. अडचण निराळीच आली. दुखणं शून्य ते दहाच्या पट्टीवर मोजायचं होतं, आणि बाया त्या पट्टीकडे बघून नुसत्या हसायच्या. "आन्यात इचार ना," दादा म्हणाला. आमच्याकडे दुखण्याला उतार पडला की 'रुपयात आठ आणे फरक' असंच सांगतात. पुरतं दुखणं सोळा आणे धरायचं आणि आता किती राहिलं ते विचारायचं, अशी पट्टी मी मांडली. मार्गदर्शक मॅडमनीही ती मान्य केली. दादा बायांना जीपमधून उपचार केंद्रावर आणायचा, मी सुया लावायची, तो परत पोचवायचा. असे कित्येक महिने गेले.

शेवटची नोंद घ्यायला बसले. पहिली म्हणाली, "चार आणे राह्यलं." दुसरीही चार आणे. तिसरीही. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! अकराव्या कागदाला पेन थांबलं. समोर कौसल्याकाकू होत्या. दोन पायऱ्या चढताना त्यांनी तीनदा भिंत धरलेली मी पाहिली होती, आणि त्यांचेही चारच आणे. म्हटलं, "काकू, खरं किती?" त्यांनी बाहेरच्या जीपकडे पाहिलं. "सुभाषनं सांगतलं ना बाई... पोरीचा पेपर हाय, चार आण्याच्या वर बोलसान तं नापास होईन थे."

दादा बॉनेटला टेकून उभा होता. मी विचारलं, "काऊन केलं तू असं?"

"तुह्यासाठीच केलं. लोकं पेपर फोडतात, म्या तं उत्तरच सांगतलं."

"दुखणं राहिलं म्हणून कोणी नापास करत नाही, दादा. खोटं लिहिलं तर करतात."

त्याच आठवड्यात मी मॅडमना सगळं सांगितलं. चाळीसच्या चाळीस नोंदी रद्द. नव्या बाया, नव्याने सुरुवात. दीड वर्ष वाया गेलं, आणि हातात पदवी येईल याची खात्री मलाच राहिली नाही. पुढचे दोन महिने मी धाडला एसटीने गेले, त्याच्या जीपमध्ये बसले नाही.

नव्या बाया त्यानेच आणल्या, पण शेजारच्या गावांतून. आता नोंदी माझी सहकारी घ्यायची आणि दादा फाटकाच्या आत यायचा नाही. जीपमध्ये तो काय बोलायचा ते मला पुढे एका आजीकडून कळलं. स्टँडवर कुणाचं ऐकून न घेणारा हा माणूस भरल्या गाडीत सांगायचा, "पयल्या बायांले म्या खोटं बोलाले लावलं. बहिणीचं दीड वरीस मातीत घातलं. तुमी दुखत असंन तं दुखते म्हणजा." त्यावर एक बाई म्हणाली म्हणे, "आन् नसंन दुखत तं?" "तं तेबी सांग व बाई, काय जीव घेतं माहा!"

या वेळी उत्तरं सतरा तऱ्हेची आली. पुष्कळ जणींचं दुखणं निम्म्यावर आलं होतं, काहींचं तसूभरही हललं नव्हतं, आणि दोघी-तिघींचं बरं होऊन पुन्हा उलटलं होतं. मी ते जसंच्या तसं लिहिलं. गेल्या वर्षी तोंडी परीक्षा झाली तेव्हा दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर बसला होता. परीक्षकांनी सर्वात जास्त प्रश्न फरक न पडलेल्या बायांबद्दलच विचारले. निकाल सांगितल्यावर सगळे उठले, तो बसूनच होता.

"फरक नाही पडला ते बी लिवलं, तरी पास केलं?"

"हाव दादा."

"मंग म्या उगाच..." एवढं म्हणून तो उठला. मग रुमालाने तोंड पुसलं आणि गाडी सावलीत लावतो म्हणून निघून गेला.

त्या दुपारी मला ॲक्युपंक्चरमधली पीएच.डी. मिळाली. प्रबंधातली एकही नोंद खोटी नाही.