जोडाघरातला इंग्रजीचा तास

औशाच्या शाळेपासून लातूरच्या बारावीपर्यंत माझ्या पाठांतराचा बोलबाला होता. जीवशास्त्राचं पुस्तक मी आकृत्यांखालच्या ओळींसकट घडाघडा म्हणून दाखवायचे. लातूरला राहून शिकलेल्यांना या गोष्टीचा गर्व असतो. मला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अजून आहे. म्हणून आयर्लंडच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी ठरली आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल असं कळलं, तेव्हा मी निर्धास्त होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. तीनशे वाक्यं वहीत उतरवून पाठ केली की काम फत्ते.

वाचण्यात पास झाले, लिहिण्यात पास झाले, ऐकण्यात काठावर सुटले आणि बोलण्यात सपशेल आपटले. या भागात समोरची बाई पेशंट होते आणि आपण नर्स म्हणून तिच्याशी बोलायचं असतं. ती म्हणाली की तिची आई याच आजाराने गेली. मी प्रसन्न हसून म्हणाले, "दॅट इज व्हेरी गुड," आणि लगेच आहाराकडे वळले. माझ्या वहीत ते वाक्य तिसरं होतं आणि माझी बोलायची तिसरी पाळी आली होती, एवढाच माझा विचार.

हॉस्पिटलने मार्चपर्यंत मुदत दिली. तेवढ्या वेळात परीक्षेला एकदाच बसता येणार होतं. त्यात नापास झाले असते तर ती जागा दुसऱ्या कोणाला गेली असती.

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी काम करत होते तिथल्या मोठ्या सिस्टरने मला बुद्धप्रिया सोनकांबळे मॅडमकडे पाठवलं. मॅडम कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. विष्णुपुरीला घराच्या पुढच्या खोलीत आम्हा चार नर्सेसचा तास घ्यायच्या. मला वाटलं होतं, बाई फाडफाड इंग्रजी झाडतील. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "वही द्या इकडं. परीक्षा होईस्तोवर ती माझ्याकडं राहील. अन् रविवारी सकाळी गुरुद्वाऱ्यात या, जोडाघरात."

जोडाघर म्हणजे दर्शनाला जाणाऱ्यांचे जोडे ठेवून घेऊन टोकन द्यायची जागा. तिथे कोणीही सेवा करू शकतं. नांदेडला इंग्लंड-कॅनडातून यात्रेकरू येतात, आणि त्यातले बरेच जण आपल्या नातवंडांशी इंग्रजीतच बोलतात. मॅडमचा नियम असा, की पहिले तीन रविवार आपण बोलायचं नाही, जोडे घ्यायचे आणि ऐकायचं. सोमवारी त्यातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत पत्र लिहायचं, त्या माणसाला कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या नर्सला सोपवल्यासारखं. मग ते पत्र दुसरीने मोठ्याने वाचायचं. ती जिथे अडखळेल तिथे लिहिणारीने वाद न घालता ती जागा पुन्हा लिहायची. वाद न घालणं मला सगळ्यात जड गेलं.

औशाहून आईचा फोन आला. गौरम्मा नाव आहे तिचं, मोजकं बोलते. म्हणाली, "मंजुश्री, ही शिकवणी हाय का चपला उचलायचं काम?"

मलाही तेच वाटत होतं, म्हणून मी माझा रस्ता काढला. ओढणीआड छोटी डायरी ठेवली. ऐकू येईल ते वाक्य तिच्यात टिपायचं आणि घरी पाठ करायचं. सहा रविवारांत चाळीस पानं झाली. सातव्या रविवारी डायरी खाली पडली आणि नेमकी मॅडमच्या हाती लागली. त्यांनी जोडाघराच्या बाकावर बसून ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"अक्षर लई सुरेख हाय," त्या म्हणाल्या. "ही गुडघ्यानं जीव घेतला म्हणणारी बाई कोण? कोणता गुडघा? घरी कोण हाय तिच्या?"

मी वाकून ते पान पाहिलं, तिथे फक्त तेवढं वाक्य होतं.

"मंजुश्री, तू माणसं सोडून नुसती वाक्यं उचलून राहिलीस."

मी भडकले. मोठ्यांशी असं बोलू नये, पण बोलले. "परीक्षा माझी हाय, मॅडम. नापास झाले तर जागा माझी जाईल. तुमचं काय जातंय?"

त्या चिडल्या नाहीत, स्वतःची गोष्ट सांगू लागल्या. त्यांचे वडील पंढरी विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर मजूर होते. घरातलं कोणी शाळेत गेलेलं नव्हतं, तिथे मॅडम एम.ए.ला इंग्रजीत पहिल्या आल्या. पहिल्या मुलाखतीत त्यांनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. मग एका सदस्याने सहज विचारलं, आज इथवर कशा आलात? मॅडमना एसटीने आले एवढंही सांगता आलं नाही. "मला सगळं येत होतं," त्या म्हणाल्या, "फक्त समोरचा माणूस काय इचारतोय ते ऐकायची सवय न्हवती. ती नोकरी गेली. तुझी जाऊ नये म्हणून इथं बसले."

मला लाज वाटली. डायरी मी परत मागितली नाही.

पुढच्या रविवारी हरभजन कौर नावाच्या आजी आल्या, बर्मिंगहॅमच्या. त्यांनी एक जोडा दिला आणि दोन टोकनं मागितली. मी नियमाप्रमाणे एकच दिलं. त्या टोकनाकडे बघत उभ्याच राहिल्या. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, दरवेळी सोबत कोण असतं? नवरा, त्या म्हणाल्या, मे महिन्यात गेला. यावर काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. मग त्या पंधरा मिनिटं बोलल्या आणि मला त्यातलं जवळजवळ सगळं कळलं. सोमवारी त्यांच्याबद्दल लिहिलेल्या पत्रात मला एकही शब्द आठवावा लागला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादला परीक्षा झाली. पेशंट झालेली बाई उपचार अर्धवट टाकून घरी जायचा हट्ट धरून बसली. चार तयार वाक्यं जिभेवर आली, ती गिळली आणि विचारलं, घरी कोण आहे? ती म्हणाली, म्हातारा कुत्रा. त्याला कोण खायला घालील यावर आमची दोन मिनिटं गेली. शेजारीण घालील असं ठरल्यावर बाई थांबायला तयार झाली. आहाराचा विषय राहूनच गेला.

निकाल दवाखान्यात असताना फोनवर आला. चारही भागांत पास. हातातलं ड्रेसिंग पूर्ण केलं, व्हरांड्यात गेले आणि मॅडमना फोन लावला. आनंदाची बातमी सांगायची होती, ती सांगितली, आणि कशी कोण जाणे मी रडायलाच लागले. म्हणाले, "मॅडम, मला लई भीती वाटून राहिली. तिथं माझं कोणीच न्हाई. आई एकटी पडंल." आणखीही बरंच बोलले. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

माझं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता हेच सगळं तिथल्या एखाद्या बाईला इंग्रजीत सांगता येईल तुला. जा, बेधडक जा."