पिनीत मिशी दिसायची

लोडरची पिन बुशात जाम झाली होती. घणाचे घाव घालून आम्ही ती काढली आणि शेठनं ड्रायव्हरकडे, भीमरावकडे बोट केलं. "ग्रीसच मारलं नाही बे यानं. चाबी ठेव आन् घरी जाय."

"रोज मारलं, शेठ," भीमराव एवढंच म्हणाला.

लोडरची बकेट ज्या जाड दांड्यावर हलते ती पिन आणि पिन ज्या नळीत बसते तो बुश. दोन्ही पोलादी. ही पिन अमडापूरला माझ्याच लेथवर झालेली. आमच्याकडे गिऱ्हाईक पिन हातात घेतलं की आधी तिच्यात स्वतःचं तोंड पाहतं. मिशी दिसली की काम पास. म्हणून ग्राइंडिंग झाल्यावरही मी एमरी पेपर लावून तिचा आरसा करायचो. माझं नाव त्या चमकेवरच होतं.

मी बुशात डोकावलो. पोलाद उपटून पिनीला चिकटलेलं, पण ग्रीसच्या खाचेत ताजं ग्रीस भरलेलं. मला तिथंच कळलं. खडबडीत पोलाद कानशीसारखं घासून खातं, हे सगळे जाणतात. फार गुळगुळीतही वाईटच. ग्रीस धरून ठेवतात त्या ग्राइंडिंगनं उरलेल्या बारीक रेघा. एमरीनं त्या घालवल्या की भाराखाली ग्रीस निसटतं, पोलाद पोलादाला भिडतं आणि चिकटतं.

कळूनही मी म्हणालो, "पाहून सांगतो."

भीमरावनं चाबी बोनेटवर ठेवली, डब्याची पिशवी उचलली आणि फाट्याकडे चालू लागला. त्याची पाठ पाहवेना.

"शेठ, ग्रीस हाय. पिन म्याच बिघडवली."

"एवढी चमकते, आन् बिघडवली?"

"चमकते म्हणूनच."

शेठनं खाचेत बोट घातलं. ग्रीस बोटाला आलं. त्यांनी भीमरावला हाक मारली. मी त्याची माफी मागितली, नाव जाईल म्हणून आधी गप्प राहिलो तेही सांगितलं. चाबी खिशात टाकत तो म्हणाला, "अजून थोडं थांबले असते मिस्त्री, त मले ऑटो भेटून गेला असता."

नवी पिन मी रेघा राखून केली. ती अजून चालते. पुढे भीमराव शेगावला गेला, तेव्हा माझ्यासाठी एक लहान आरसा घेऊन आला आणि लेथमागच्या भिंतीवर स्वतःच ठोकला. त्यानं शिव्या दिल्या असत्या, तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

पिन चमकत नाही म्हणून कोणी कुरकुरलं की मी त्या आरशाकडे बोट दाखवतो. तोंड तिथं पाहा म्हणतो, पिनीला ग्रीस धरू द्या. रोज सकाळी त्यात मीही एकदा पाहून घेतो.