माल काय विकायचा?
नव्या सुटाच्या कापडाचा वास आला की सातपूरचा तो गच्च भरलेला हॉल आठवतो आणि डोकं तापतं. नवाकोरा सूट आणि टाय घातलेला माणूस साखळी योजनेच्या सभासदांना मिळणाऱ्या गाड्यांचे फोटो दाखवत होता. आयुष्यभर बाजारात मेथी विकलेली माझी आई शेजारी बसली होती. तिने विचारलं, “साहेब, पण माल काय विकायचा?” “मावशी, माल कशाला? फक्त माणसं जोडायची!” हॉल हसला. “म्हंजे माणसंच विकायची,” ती पुटपुटली. “आई, गप बस. तुला नाय कळत यातलं,” असं मी, घरातला पहिला पदवीधर, म्हणालो. तिने पिशवीतून माझ्या सभासदत्वाचे पैसे काढून दिले. दोन महिन्यांत त्या योजनेच्या ऑफिसला कुलूप लागलं, पैसे बुडाले. त्या भामट्याला मी आजही शिव्या देतो. पण जिने मला शिकवलं, तिलाच चारचौघांत अडाणी ठरवणारा मीच होतो, याचा संताप कुणावर काढू?