प्रल्हादची हजेरी

माझा स्वभाव उतावळा आहे, हे आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत सेक्रेटरी झाले, कारण मीटिंगमध्ये दुसरं कुणी हात वर करेना. त्याच उतावळेपणाने मी प्रल्हादची अकरा वर्षांची घडी विस्कटली.

प्रल्हाद आमचा पंपवाला. आमच्याकडे, विरारच्या फुलपाड्यात, पाणी एक दिवसाआड येतं. ते आलं की टाकीत चढवायचं, गळके नळ बदलायचे आणि घरं सांभाळायची, ही त्याची कामं. घरं सांभाळायची म्हणजे खरोखरच. आमच्याकडे बहुतेक घरांत नवराबायको दोघंही सकाळीच मुंबई गाठतात. मागे सिलेंडर येतो, पार्सल येतं, एखादा नळ चालू राहतो. म्हणून बत्तीस फ्लॅटांच्या जादा चाव्या पंपाच्या खोलीत खिळ्यांवर टांगलेल्या असायच्या. कधी चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही.

वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, तो अर्धा दिवस सुट्टी घ्यायचा. "जीवदानीला जाऊन येतो, ताई," म्हणायचा. मी त्याच्याकडे देवीसाठी नारळ द्यायचे.

गेल्या वर्षी पोलिसांनी सोसायट्यांकडून नावं मागवली, गणपतीच्या बंदोबस्ताला मदत करतील अशा विश्वासू माणसांची. मी प्रल्हादचं नाव दिलं. आधार कार्डाची प्रत जोडली, वर त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल स्वतःच्या अक्षरात पानभर लिहिलं. त्याला मात्र विचारलं नाही. ओळखपत्र आलं की सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात घालायचं, अशी माझी हौस!

तीन दिवसांनी हवालदार आला, नेमका संध्याकाळी, माणसं कामावरून परतत असताना. गेटपाशीच माझा कागद माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मॅडम, हा आमच्याकडे आहेच, पण दुसऱ्या यादीत. दर गणपतीच्या आधी हजेरीला येतो. घरफोडीतला जुना गडी आहे." माणूस वाईट नव्हता, हसत हसतच बोलला. तिसऱ्या मजल्यावरचा केयूर हेल्मेट काढत तिथेच उभा होता. मी जिना चढून घरी पोचेपर्यंत ग्रुपवर बातमी पसरली होती.

मी तशीच खाली उतरले. प्रल्हाद पंपाच्या खोलीत उपड्या बादलीवर बसला होता.

"खरं आहे?"

"हो ताई."

"मग जीवदानी?"

"तिथे पण जायचो. हजेरी दिली की नारळ घेऊन गडावर. तुमचा एकही नारळ फुकट नाही गेला."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "सगळं सांग," मी म्हणाले. त्याने सांगितलं, पाण्याच्या वेळा सांगाव्यात तसं.

तेराव्या वर्षी पहिली चोरी, शाळेतला पितळी नळ. घरात खायला होतं, वडील नोकरीला होते. "गरज नव्हती ताई, मजा होती. चौघं होतो. एकटा असतो तर केलंच नसतं." सतराव्या वर्षापर्यंत नव्या बिल्डिंगांतले नळ आणि पाण्याचे मीटर. एकोणिसाव्या वर्षी नालासोपाऱ्यातले बंद फ्लॅट, तेही भर दुपारी. माणसं कामावर, मुलं शाळेत, जिन्यात कुत्रंसुद्धा नाही. बाविसाव्या वर्षी पकडला गेला, दोन वर्षं आत काढली. बाहेर आला तेव्हा चौघांतला एक मेलेला, दोघं लग्न करून संसाराला लागलेले. कुणी काम देईना, म्हणून पुन्हा फ्लॅट, या वेळी एकट्याने. "तेव्हा मजा पण नव्हती. दुसरं काही येतच नव्हतं." पुन्हा तुरुंग.

"मग सुटलं कसं?"

"सावित्रीमुळे." ही त्याची बायको, विरारच्या बाजारात भाजी विकते. "लग्नाआधी सगळं सांगितलं तिला. म्हणाली, मला शपथा नकोत. दुपारी जेवायला घरी यायचं, रोज. एवढंच."

दुपारी! नेमकी चोरीची वेळ. त्या बाईला चोरांच्या अभ्यासाची पदवीच द्यायला हवी. सुरुवातीला जेवून उठल्यावर त्याचे हातपाय वळवळायचे म्हणे. मग ती त्याला भाजी निवडायला बसवायची. दोनेक वर्षांत वळवळ गेली, एका प्लंबरने हाताशी घेतलं आणि वय तिशीच्या पुढे सरकलं. पोलिसांच्या यादीतलं नाव तेवढं तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. प्रल्हाद दारात उभा, हातात चाव्यांचा झुबका. "तुमची," म्हणाला आणि वरच्या मजल्याकडे वळला. बत्तीस दारं त्याने एकट्याने वाजवली. माणसांनी मुकाट्याने हात पुढे केले. मीही केला. याची लाज मला आजही वाटते.

रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की पंपाचं काम त्याच्याकडेच राहावं, चाव्यांची पद्धत मात्र बंद. शेजारची क्षितिजा म्हणाली, "माणूस चांगलाय काकू, पण रिस्क कशाला?" मी सेक्रेटरी, एरवी चहाच्या कपांवरूनही भांडणारी. त्या दिवशी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत बसले.

गणपतीसाठी मला संगमेश्वरला, माहेरी जायचं होतं, चांगले दहा दिवस. निघायच्या आदल्या सकाळी मी चावी घेऊन पंपाच्या खोलीत गेले. भिंतीवर नुसते खिळे होते.

"घे."

"नको ताई. आता बिल्डिंगमध्ये काही पण गेलं तरी पहिलं नाव माझं. हातात चावी नसलेलीच बरी."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"कशावर आहे?" तो पहिल्यांदाच चिडला. "तुमचं सोनं तांदळाच्या डब्यात असतं. सात वर्षांपूर्वी सिंकचा नळ बदलायला आलो, तेव्हाच कळलं. तांदूळ काढताना तुम्ही वरवरचे घेतलेत, डब्यात हात खाली जाऊ दिला नाहीत. प्रत्येक घराचं मला असं दिसतं. डोळा जातोच, ताई. डोळ्याची खोड नाही सुटली आणि सुटणार पण नाही. हाताची सुटली. हे माहीत असून देताय का चावी? नाहीतर नका देऊ."

मी चावी घेऊन तशीच वळले. वर आले, दार लावलं, ओट्यापाशी जाऊन डबा उघडला. कोपरापर्यंत हात घातला. आईच्या पाटल्या होत्या, गंठण होतं, सगळं जिथल्या तिथे. सात वर्षं त्याला ठाऊक होतं. या सात वर्षांत मी किती वेळा गावाला गेले, किती वेळा त्याच्याच हाती घर सोपवलं!

बँकेचा लॉकर स्टेशनजवळ आहे, रिक्षाने दहा मिनिटं. पाटल्या हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू?

मग त्या पुन्हा तांदळात खोचल्या, झाकण लावलं आणि चावी घेऊन खाली उतरले.