झोपेतही न मिटणारी पापणी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि असले अनुभव लिहिणाऱ्यांवर तर त्याहून नाही. निम्मे थापाडे, उरलेले घाबरट. तरीही लिहितोय... कारण त्या दुपारी मी तिथेच बसलो होतो.

सत्तरच्या दशकात मी परभणी जिल्ह्यात, ताडकळसच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. धाकटी बहीण कमळ माझ्याकडेच असायची. लहानपणी देवी आल्या आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडून नजर गेली. पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका मृत माणसाच्या डोळ्याचा पारदर्शक पडदा तिच्या उजव्या डोळ्यावर बसवला, आणि कमळला दिसू लागलं! फक्त एक खोट राहिली — झोपेतही त्या डोळ्याची पापणी मिटेना. डोळा असाच सुकत राहिला तर नजर पुन्हा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. मलम, पट्टी, सगळं करून झालं.

गावाला तेवढंच पाहिजे होतं. "मेलेला कुनाची तरी वाट बघायलाय." अकलेचे कांदे! बाजारच्या दिवशी बाया भाजी घ्यायची सोडून माझ्या बहिणीचा डोळा बघायला यायच्या. मी हाकलून द्यायचो.

ही बातमी पालमपर्यंत गेली आणि तिथून एक म्हातारी एसटीनं आली. तिचा मुलगा शहरात हमाली करायचा, तिथंच वारला. मरण्याआधी त्यानं डोळे दान करायला सांगितलं होतं. ते कुणाला बसवले, हे दवाखाना सांगत नाही. तरी ही दारात हजर!

"लेकरू डोळे उघडे ठिवून गेलं म्हने, गुरुजी. मी पोचले न्हाई, नजरभेट न्हाई झाली. एकदा बसू द्या हिच्यासमोर."

"आजी, डोळे देणारा काय तुमचा एकटाच मुलगा होता का? आणि पडदा बघत नसतो, मेंदू बघतो."

"असंल. तुमी लय शिकलेले," म्हणाली आणि सरळ कमळसमोर बसली. कमळनं तिच्याकडे पाहिलं. "आले रे बाबा," एवढंच म्हातारी म्हणाली. मी तिच्या तोंडावरच हसलो.

ती गेली. कमळ ओसरीवर आडवी झाली, तिला झोप लागली... आणि पापणी मिटली. पूर्ण मिटली! तेव्हापासून रोज मिटते. कमळची नजर आजही शाबूत आहे.

डॉक्टर म्हणाले, नस सुधारली असेल. असेलही. मायलेकाची भेट झाली म्हणणाऱ्या गावकऱ्यांना मात्र मी आजही मूर्खच म्हणतो. अरे, पडदा परक्याचा होता, पापणी तर कमळचीच होती ना? मग ती इतके महिने कुणासाठी उघडी राहिली, हे या विज्ञानाच्या मास्तरला अजून सांगता आलेलं नाही.