धोका नेमका कोणाला? : रेहाना मॅडमचा वर्ग

डॉ. रेहाना मुकादम यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते श्रीवर्धनच्या आमच्या कॉलेजात, एम.ए.च्या पहिल्या तासाला. विषय आंतरराष्ट्रीय संबंध. त्यांनी हजेरी घेतली आणि सुरक्षा म्हणजे काय ते लिहायला सांगितलं. आम्ही सीमा, सैन्य, क्षेपणास्त्रं असं भरभरून लिहिलं. मॅडमनी वह्या गोळा केल्या, न वाचताच बाजूला ठेवल्या आणि मला विचारलं, "सुजाता, घरून कॉलेजला येता-जाताना तुला कशाची भीती वाटते?"

मी दिघीजवळच्या गावातून येत असे. खरं तेच सांगितलं, "संध्याकाळची एसटी चुकेल याची." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. मग एकजण म्हणाला, वादळात भाऊ बोटीवर असला की आई जेवत नाही. एकीचे वडील आखातात होते आणि त्यांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. तास संपेपर्यंत फळा भरला. त्यावर क्षेपणास्त्र एकही नव्हतं.

सुरक्षेच्या अभ्यासाकडे चिकित्सक दृष्टीने पाहणं म्हणजे काय, हे आम्हाला असं कळलं. सुरक्षा कोणाची, धोका कोण ठरवतं, आणि ठरवताना कोणाला विचारत नाहीत, हे तीन प्रश्न मॅडमनी तीस वर्षं या किनाऱ्यावर शिकवले. इंग्रजी ग्रंथांतली अवघड प्रकरणं त्या रात्रंदिवस खपून सोप्या मराठीत उतरवून आणत. एकदा शहरातल्या एका चर्चासत्रात कोणीतरी जरा खोचकपणेच विचारलं, "तुमच्या भागात, तुमच्या समाजात राहून सुरक्षा हा विषय शिकवणं जड जात असेल, नाही?" मॅडम प्रसन्नपणे म्हणाल्या, "उलट फार सोपं जातं. उदाहरणं दाराशी चालत येतात." सभागृहात हशा पिकला. मला मात्र राग आला होता. परतताना मी तो बोलून दाखवला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "राग ठेव, पण प्रबंधात घालू नकोस."

रागापलीकडे जाऊन दुसरी बाजूही ऐकायचा त्यांचा हा न्यायीपणा मला महागात पडला. किनाऱ्यावरच्या पोलीस बंदोबस्तावर मी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करत होते. पहिल्या प्रकरणात पोलिसांना मनसोक्त झोडपलं होतं. मॅडमनी ते परत केलं. "यांच्यापैकी कोणाशी बोललीस?" कोणाशीच बोलले नव्हते. मग आठवडाभर चौकीवर जाऊन बसले. तिथल्या एका शिपायाने चहा पाजत सांगितलं, "ताई, मी माणदेशातला. पोहता येत नाही. गस्तीच्या बोटीत पाय ठेवला की दोन्ही हातांनी काठ धरून बसतो. घरी सांगितलेलं नाही." ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं.

पण मॅडमचं खरं मोठेपण मला दिसलं ते जेटीच्या वेळी. बंदोबस्तासाठी आमच्या खाडीवरच्या जेटीला फाटक बसलं आणि ओळखपत्राशिवाय आत सोडणं बंद झालं. ओळखपत्रं मिळाली ती बोटमालकांना आणि खलाशांना. लिलावात मासळी घेऊन गावोगाव विकणाऱ्या बायका बाहेरच राहिल्या. त्यांच्यातल्या चंद्राबाईंची मी प्रबंधासाठी मोठी मुलाखत घेतली होती. तिसऱ्या दिवशी त्या रिकामी पाटी घेऊन थेट कॉलेजात आल्या.

"पोरी, तू आमचं समदं लिवून नेलंस. त्याचा आता आमाला काय उपेग हाय का न्हाय?"

मला खाली मान घालावी लागली. मी त्यांना मॅडमकडे नेलं आणि म्हटलं, "मॅडम, तुम्ही पोलीस अधिकाऱ्यांशी बोला. तुमचं ते ऐकतील."

"माझं ऐकतील, म्हणूनच मी बोलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "यांना बोलू दे."

त्यांनी अधिकाऱ्यांना कॉलेजात बोलावलं. व्यासपीठ न मांडता सगळ्यांच्या खुर्च्या गोल लावल्या. अधिकारी सभ्य होते, पण म्हणाले, "हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ढिलाई करता येणार नाही."

चंद्राबाई पदर सावरून उठल्या. "सायेब, परका मानूस जेटीवर आला तर पयला कोनाला कलंल? तुमचा शिपाई परवा आलाय. मी लगीन होऊन आले तवापासून थितं बसते. बोटीच्या आवाजावरनं बोट कोनाची ते सांगते."

अधिकाऱ्यांनी ओळखपत्रांची यादी काढून पाहिली. तेव्हा मॅडमनी त्या सभेतला आपला एकुलता एक प्रश्न विचारला, "साहेब, यादी करताना कोणाला विचारलं होतं?"

"बोटमालकांना."

"आणखी?"

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आणखी कोणाला नाही."

पंधरवड्यात बायकांना ओळखपत्रं मिळाली. चंद्राबाई आपलं ओळखपत्र गळ्यात अडकवून कॉलेजभर हिंडल्या. फोटोवर मात्र नाराज होत्या: "हसू दिलं न्हाय मेल्यांनी!" त्या दिवशी मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांतलं पाणी पुसत बसल्या.

प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली त्या संध्याकाळी मॅडमनी मला आणि माझ्या वडिलांना घरी जेवायला नेलं. वडील प्राथमिक शिक्षक, बुजरे. शिकायच्या दिवसांत ज्या घरांच्या ओट्यावरून त्यांना परत पाठवलं गेलं, ती ते विसरलेले नाहीत. नव्या घरी गेले की अजूनही दाराजवळची खुर्ची धरतात. मॅडमनी त्यांना "सर, इकडे" म्हणत मधल्या जागी बसवलं. मॅडमच्या अम्मींनी ताटात तांदळाची वाफवलेली सांदणं वाढली, नारळाचं दूध ओतलं आणि दटावलं, "मास्तर, सरल्याबिगर उठायचा नाय!" वडिलांनी चार सांदणं खाल्ली. परतताना वाटेभर ते मॅडमविषयी बोलत होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता मॅडमचा विषय त्याच कॉलेजात मी शिकवते. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात त्या न सांगता माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. समुद्र दरवर्षी किनाऱ्यावरच्या एका वाडीत शिरतो आहे, त्या धोक्याबद्दल मी बोलत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "मॅडम, वाडी उठवून दुसरीकडे नेली, तर ती माणसं सुरक्षित झाली असं म्हणायचं का?"

विद्यार्थ्यांसमोर त्यांनी मला 'मॅडम' म्हटल्याने मी गोंधळले. मग विचार केला. "मला माहीत नाही," मी म्हणाले. "उद्या सगळे मिळून वाडीत जाऊ आणि विचारू."

मॅडमच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वाळूतून चालत सगळ्यांच्या पुढे त्याच होत्या.

साठीच्या उंबरठ्यावर आमच्या मॅडमना भरभरून आयुष्य लाभो. गुडघे असेच वाळू तुडवत राहोत, डोळे बारीक टाइप वाचत राहोत, आणि आम्हाला अडचणीत आणणारे प्रश्न त्यांना रोज नव्याने सुचोत.