फूल लाल कॅप्सूलवर पडलं

त्या वर्षी मी देवीवर रुसले होते, हे आधीच सांगून टाकते. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही धुळ्याकडचे, पोटापाण्यासाठी सुरतेत, उधना भागातल्या एका खोलीत राहायचो. हे लूमवर कामाला. दिवसभर सुताची पूड नाकातोंडात जायची, म्हणून खोकल्याकडे आम्ही दोघांनीही काणाडोळा केला. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढलो. क्षय निघाला. बारा-बारा तास उभा राहणारा माणूस खाटेवर बसून धापा टाकू लागला, आणि मी रोज दिवा लावताना देवीला टोमणे मारू लागले.

सरकारी दवाखान्यातल्या गुजराती डॉक्टरांनी चार औषधं दिली. रोज सकाळी, चारही एकदम. त्यांतली एक लाल कॅप्सूल. दुसऱ्याच दिवशी हे मोरीतून पांढरेफटक होऊन बाहेर आले. लघवी लाल झाली होती. "आता खालूनही रक्त जायला लागलं. मला नको तुझी औषधं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. डॉक्टरांनी रंगाबद्दल सांगितलंही असेल, पण क्षय म्हटल्यावर पुढचं मी काही ऐकलंच नव्हतं. पुन्हा जाऊन विचारावं तर ओरडतील, ही भीती.

मग मी आमच्या घरची रीत केली. सासरी काहीही अडलं, म्हैस घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, देवीला कौल लावत. तसबिरीच्या चौकटीवर फूल ठेवायचं आणि ते कुठे पडतं ते बघायचं. मी चारही औषधं तसबिरीपुढे मांडली, वर कण्हेरीचं फूल ठेवलं आणि म्हटलं, "आई, यातलं काय ते तूच दाखव." फूल घरंगळलं ते थेट लाल कॅप्सूलवर. मला शंकाच उरली नाही. हीच बाधतेय! त्या दिवसापासून लाल कॅप्सूल बंद. औषध टाकवत नव्हतं, म्हणून हळदीच्या रिकाम्या डब्यात साठवत गेले. बाकीची तीन हे निमूट घेऊ लागले. लघवी स्वच्छ झाली आणि मला माझ्याच शहाणपणाचं कौतुक वाटलं.

महिनाभर बरं गेलं. मग संध्याकाळचा ताप परत आला. सदरा अंगावर लोंबायला लागला. शेजारचे एक दुखणाईत गावाला गेले ते परत आलेच नव्हते, म्हणून थोरली मुलगी सारखी विचारायची, "बाबा गावाला तर नाही ना जाणार?" मी तिला पाणी आणायला पिटाळायची.

दवाखान्यात पुन्हा गेलो त्या दिवशी यांना थुंकी द्यायला आत नेलं, आणि मी बाहेर बाकावर बसून मुसमुसत होते. शेजारी एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन बसली होती. तिच्या मुलीचा औषधांचा कोर्स त्या दिवशी पुरा झाला होता. नर्सला पेढे द्यायला ती मुद्दाम आलेली. बोलीवरून आमच्याकडचीच. "काय व बहीन, का रडस?" तिनं विचारलं आणि मी, जे यांच्या आईलाही सांगितलं नव्हतं, ते सगळं तिला सांगून टाकलं. डब्यातल्या कॅप्सूलसुद्धा.

ती हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "मन्ही पोरले बी लाल व्हये. तो गोयीना रंग से, रक्त नही." म्हणजे तो गोळीचाच रंग होता! मग तिनं विचारलं, "कानबाईना रोट करतस ना तुम्हना घर? एकनी मूठ काढी लिधी ते तो रोट कानबाईले चालस का?"

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ घालतात, सगळ्यांचं एकत्र दळतात आणि त्याचे रोट करतात. कुणी परगावी असला तरी त्याची मूठ चुकत नाही; एक जरी वगळली तरी तो रोट कानबाईला चालत नाही. इतकी साधी गोष्ट मला माझ्या घरात कळत होती, औषधात कळली नव्हती.

मी उठले आणि डॉक्टरांपुढे कबूल केलं. ते खूप ओरडले. "बेन, चारेय दवा साथे लेवानी!" मग शांतपणे समजावलं. जंतू सगळे सारखे नसतात. एका औषधाला न जुमानणारे थोडे असतातच, त्यांना दुसरं औषध गाठतं, त्यातूनही सुटले तर तिसरं. एक जरी काढलं तरी काही निसटतात, वाढतात, आणि मग उरलेली औषधंही हळूहळू निकामी होतात. यांच्यावर ती अजून चालतील की नाही, हे तेही सांगू शकत नव्हते. उपचार पहिल्यापासून सुरू झाले, जोडीला दोन महिने रोज एक सुई. मी बाहेर आले तेव्हा ती बाई निघून गेली होती. बाकावर माझ्या पिशवीपाशी कागदात दोन पेढे होते.

त्यानंतर आठ महिने मी देवीला काहीही विचारलं नाही. औषधं तळहातावर घ्यायची, तसबिरीला दाखवायची आणि हे गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, एवढंच. लघवी लाल दिसली की आता जिवाला बरं वाटायचं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ताप उतरला. शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ आली तेव्हा हे दवाखान्याच्या दारातच लहान पोरासारखे रडले. मीही रडले.

पुढच्या श्रावणात कानबाईसाठी गहू काढताना यांनी स्वतःच्या हातानं आपली मूठ घातली. भरलेली, घट्ट मूठ. ती बघताना मला एकदम ते कण्हेरीचं फूल आठवलं. मी फक्त "दाखव" म्हटलं होतं, आणि देवीनं दाखवलं होतं. ही लाल कॅप्सूल सोडू नकोस, एवढंच ती सांगत असेल. घाबरलेल्या मनानं मीच त्याचा उलटा अर्थ लावला. तरी तिनं मला टाकलं नाही, पेढेवाल्या त्या बाईच्या रूपानं पुन्हा समजवायला बाकावर येऊन बसली.